जाहिरातीच्या फोटोत पुराची रेघ होती: एका सेकंडहँड सायकलीचं प्रकरण

सांगलीत जुनी मोटरसायकल घ्यायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, पुरातली आहे का? कार असो, फ्रिज असो, शिलाई मशीन असो, 2019 च्या पुरानंतर हा प्रश्न विचारल्याशिवाय कुणी खिशात हात घालत नाही. मी 2025 च्या दिवाळीआधी ऑनलाइन जाहिरात बघून सेकंडहँड सायकल घेतली आणि नेमका हाच एक प्रश्न विचारायचा राहिला. बाकी सगळं विचारलं, मोजलं, चालवून बघितलं, कागदावर सही पण घेतली. वर आणि मी कुपवाड एमआयडीसीत क्वालिटीला आहे, म्हणजे दिवसभर व्हर्नियर (मिलिमीटरच्या आतलं मोजायची पट्टी) हातात धरून दुसऱ्यांचा माल रिजेक्ट करणं हेच माझं काम. ऑफिसमध्ये हे कळल्यापासून पोरं मला 'इनकमिंग इन्स्पेक्शन' म्हणून हाक मारतायत, ते असू दे.

तर झालं असं की शुगरचा रिपोर्ट काठावर आला आणि डॉक्टर म्हणाले चाला नाहीतर सायकल चालवा. चालणं मला जमत नाही, कंटाळा येतो. आमच्या विश्रामबागमधली चार-पाच जणं रविवारी पहाटे सायकलवर नरसोबावाडीला जाऊन येतात, त्यांच्यात जायचं ठरवलं. नवीन सायकल घेऊन दोन महिन्यांत गॅलरीत कपडे वाळत घालायला वापरणारे लोक मी बघितलेत (माझा मेव्हणा), म्हणून म्हणलं आधी जुनी घेऊ. बजेट आठ हजार.

पहिला अनुभव फालतू होता, पटकन सांगून टाकतो. एक भारी गिअरची सायकल साडेचार हजाराला दिसली. मेसेज केला तर समोरचा म्हणतो मी लष्करात आहे, अर्जंट बदली झालीय, सायकल ट्रान्सपोर्टनं पाठवतो, आधी थोडे टोकन द्या. मी म्हणलं बघितल्याशिवाय पैसे देत नाही, तर म्हणतो बरं मग मी तुम्हाला क्यूआर पाठवतो, तो स्कॅन करून पिन टाका, तुमचं टोकन रिफंड मोडमध्ये राहील. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जाणारच, एवढं मला माहीत होतं म्हणून वाचलो. तुमचे गेले तर लगेच 1930 ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, तासाभरात केला तर रक्कम पुढं सरकायच्या आत अडवली जायची शक्यता जास्त असते. मी फक्त ब्लॉक केला.

आठवड्यानं दुसरी जाहिरात दिसली. सांगलीचीच, गावभागातली. हायब्रिड सायकल, अॅल्युमिनियम फ्रेम, पुढं तीन मागं सात गिअर, दोन्हीकडं केबलचे डिस्क ब्रेक, 700 चे टायर. 'मुलाने फार वापरली नाही, सर्व ओरिजिनल, घरात उभी, किंमत 9,500.' फोटो तीनच होते. एक आख्ख्या सायकलीचा, घराच्या भिंतीला टेकवून ठेवलेली, एक हँडलचा आणि एक गिअरच्या स्टिकरचा. सायकल पुसून पॉलिश केलेली, चकाचक. तो पहिला फोटो मी नंतर किमान वीस वेळा झूम करून बघितला असेल. त्या भिंतीवर, सायकलीच्या हँडलच्या साधारण दीड-दोन फूट वर, एक आडवी रेघ आहे. रेघेच्या वर रंग पिवळा, खाली जरा मळकट. ज्यांना सांगली माहीत नाही त्यांना ती ओल वाटेल. सांगलीवाल्याला ती रेघ काय आहे हे सांगावं लागत नाही. 2019 च्या ऑगस्टात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी 45 फूट, आणि गावभाग, मारुती चौक, सांगलीवाडी ह्या सगळ्या भागात पाणी घराघरात होतं. कितीतरी घरांनी ती पाण्याची खूण मुद्दाम ठेवलीय, काहींनी तर तारीख पण रंगवलीय. मी तज्ज्ञासारखा सायकलीच्या डिरेलरवर (चेन एका गिअरवरनं दुसऱ्यावर सरकवतो तो भाग) झूम करत बसलो होतो आणि मागची भिंत बघितलीच नाही.

बघायला गेलो रविवारी सकाळी. जाहिरात देणारे साठीच्या पुढचे काका, मुलगा पुण्यात नोकरीला, त्याची सायकल माळ्यावर पडून होती ती आता घर रिकामं करायचं म्हणून काढली. काकूंनी चहा दिला. माणसं चांगली, फसवणारी अजिबात नाहीत, हे आधीच सांगतो कारण पुढं वाचून तुम्हाला राग येईल आणि तो राग बरोबर माणसावर यावा अशी माझी इच्छा आहे.

आता मी काय काय तपासलं ते सांगतो, कारण हेच लोक सगळीकडं तपासायला सांगतात. चेन मोजली. सायकलीच्या चेनची प्रत्येक पिन अर्ध्या इंचावर असते, म्हणजे एका पिनेपासून पुढची चोविसावी पिन बरोबर बारा इंचावर यायला पाहिजे. बारा इंच आणि वर एक सोळांश झालं की चेन बदलायची वेळ झाली, एक अष्टमांश झालं तर चेनबरोबर मागचे दातेही गेले असं समजायचं. हिची चेन बारा इंचात फिट्ट बसली, म्हणजे 'फार वापरली नाही' हे खरंच होतं. मागच्या चक्राचे दाते बघितले, शार्कच्या पंखासारखे झाले नव्हते. फ्रेमचे सगळे वेल्ड बघितले, हेडट्यूबच्या (हँडलखालच्या पाईपाच्या) खाली रंगाला सुरकुती नाही, पुढच्या चाकाचा चिमटा सरळ, दोन्ही चाकं फिरवून बघितली, मागच्यात थोडा आऊट होता, म्हणजे फिरताना चाक जरा डुलत होतं, तो तर कुणीही काढून देतो. डिस्क घासत नव्हत्या. पुढचा ब्रेक जरा जड लागला, काका म्हणाले केबल टाका, शंभर रुपयांचं काम आहे, आणि मी मान डोलावली.

चालवून बघितली, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलो. सीट माझ्या मापाला इतकी बरोबर होती की मला आनंदच झाला, मुलाची उंची माझ्याएवढीच, पाच फूट सात. तो आनंद मला महागात पडला, ते पुढं येईल.

हे सगळं तपासणं वापर ओळखायचं आहे. सायकल किती पळाली ते कळतं त्यातनं. सायकल किती उभी राहिली, कशात उभी राहिली, हे ह्यातल्या एकाही टेस्टनं कळत नाही. मला हे आता डोक्यात बसलंय, तेव्हा नव्हतं.

बिल मागितलं, नव्हतं. काका म्हणाले कागदपत्रं सगळी गेली. कशात गेली हे मी विचारलं नाही, बघा हा दुसरा चान्स होता. बिल नसलं की चोरीची नाही ना ही शंका राहते, आणि चोरीचा माल आहे हे माहीत असून घेतला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 317 खाली आपणच अडकतो, म्हणून मी सायकल उलटी करून पायडलच्या मधल्या पाईपाच्या बुडाला कोरलेला फ्रेम नंबर बघितला. आकड्यांच्या खाचांत काळपट काहीतरी भरलेलं होतं, नखानं उकरून उकरून नंबर वाचला, कागदावर उतरवला, काकांची सही आणि आधारचे शेवटचे चार आकडे घेतले. तिसरा चान्स नखात अडकला होता आणि मी हात धुवून टाकला.

भाव करताना मी जीएसटीचा मुद्दा काढला. काका म्हणत होते नवीन आज 18,500 ला आहे. मी म्हणलं काका तो जुना रेट, 22 सप्टेंबरपासून सायकलीवरचा जीएसटी 12 चा 5 झालाय, नवीनच आता सव्वासतरा-साडेसतराच्या आसपास मिळते, मग जुनीचा भाव पण खाली यायला पाहिजे. त्यांना ते पटलं की माझ्या तोंडाला कंटाळले माहीत नाही, पण 7,500 ला ठरली. मी अशा मूडमध्ये घरी आलो की जणू काही कोल्हापूरच्या आखाड्यात कुस्ती मारली.

पहिले दहा दिवस मजेत गेले. रोज सकाळी हरिपूरपर्यंत, चिंचेच्या झाडांखालनं, संगमावर पाच मिनिटं बसून परत. अकराव्या-बाराव्या दिवशी आवाज सुरू झाला. प्रत्येक पायडलला एक कट्, उजवा पाय खाली गेला की कट्. मला वाटलं पायडल सैल असेल, ते आवळलं. (डावं पायडल उलट्या आट्याचं असतं, हे माहीत नसलेले लोक डावं पायडल सोडवायला म्हणून अजून आवळतात आणि क्रँकचे, म्हणजे पायडल ज्या दांड्याला लागतं त्याचे, आटे घालवतात, तेवढं मी केलं नाही.) आवाज तसाच. मग क्रँक हातात धरून फ्रेमच्या दिशेनं हलवून बघितला तर हलला. चांगला हलला. मागचं चाक धरून आडवं हलवलं तर तेही किंचित हलतंय. दोन आठवड्यांपूर्वी हलत नव्हतं, किंवा मी हलवलंच नव्हतं.

मारुती चौकाकडं एक जुने मिस्त्री आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. हातातल्या सायकली बहुतेक काळ्या रोडस्टर आणि शाळेच्या पोरांच्या, पण गिअरच्या पण करतात. अण्णांनी क्रँक एकदाच हलवला, मागचं चाक फिरवून कान लावला आणि विचारलं,

"कुठनं घेतलीस?"

"गावभागातनं. ऑनलाइन बघून."

"पुरातली हाय. इचारलं न्हाईस व्हय?"

मी म्हणलं अहो अण्णा आवाजावरनं कसं सांगताय. अण्णा काही बोलले नाहीत, पान्हा घेतला.

पुढचा पाऊण तास मी आयुष्यात विसरणार नाही म्हणून सविस्तर लिहितो. दोन्ही क्रँक पुलरनं काढले. आतली जी बीबी असते, म्हणजे दोन क्रँकच्या मधला अॅक्सल आणि त्याचे बेअरिंग, ती ह्या सायकलीत कार्ट्रिजची होती, एक बंद डबीच समजा, ती फ्रेमच्या मधल्या पाईपात दोन्हीकडनं आट्यांनी बसवलेली असते. डाव्या बाजूची वाटी थोडा जोर लावल्यावर सुटली. उजवी सुटेना. अण्णांच्या हाताखालचं पोरगं पान्ह्यावर लटकलं तरी सुटेना. मग अण्णांनी बघितलं तर पोरगं उलटीकडं फिरवत होतं. चेनच्या बाजूची वाटी उलट्या आट्याची असते, घड्याळाच्या दिशेनं फिरवलं की सुटते, पोरगं गेली पाच मिनिटं ती अजून आवळत होतं. पोराला दोन शिव्या पडल्या. बरोबर दिशेनं लावला तरी हलेना.

स्टीलची वाटी, अॅल्युमिनियमचा पाईप आणि मध्ये सहा वर्षांची ओल. दोन वेगळे धातू पाण्यात एकत्र राहिले की अॅल्युमिनियम गंजायला लागतं, पांढरी भुकटी होते आणि ती भुकटी फुगून आटे जाम करते. अण्णांनी शेजारच्या चहाच्या गाड्यावरनं किटलीभर उकळतं पाणी आणलं आणि फडकं गुंडाळून त्या पाईपावर सावकाश ओतत राहिले. अॅल्युमिनियम तापल्यावर स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणजे बाहेरचा पाईप वाटीपेक्षा जास्त फुगतो आणि पकड ढिली होते. हे मी त्यांना कौतुकानं समजावून सांगायला लागलो तर म्हणाले "ते आसंल, पाय बाजूला घे, भाजशील." दुसऱ्या किटलीला टक् करून सुटली.

बीबी बाहेर ओढली आणि तिच्या मागनं माती आली. गंज नाही, माती. बारीक, काळी, वाळून टाल्कम पावडरसारखी झालेली नदीची माती, पोयटा म्हणतात तो. अण्णांनी फ्रेम वाकडी केली तर सीटच्या पाईपातनं अजून आली, खाली अंथरलेल्या पेपरवर वाटीभर ढीग झाला. पाणी वरनं सीटच्या पाईपात शिरतं, खाली ह्या मधल्या पाईपात येऊन साचतं आणि बाहेर जायला भोक नसलं की तिथंच बसतं. सायकल बाहेरनं पाईप लावून धुतली, पुसली, पॉलिश केली, पण कृष्णा नदी आत बसून होती. अण्णांनी त्या मातीची भडंगाच्या पुडीसारखी पुडी बांधली आणि माझ्या हातात दिली. "ज्येच्याकडनं घेतलीस त्येला दाव."

मागच्या चाकाचा हब, म्हणजे मधला भाग, उघडला. वाटीत छर्रे तांबूस, कोनवर (छर्रे ज्यावर फिरतात तो भाग) खड्डे पडलेले, ग्रीसचा रंग विटेसारखा. ह्या प्रकारच्या हबला मागं पाव इंची छर्रे एका बाजूला नऊ असतात, पुढं तीन सोळांशचे दहा-दहा. छर्रे आणि कोन बदलता येतात, हबच्या आतली वाटी बदलता येत नाही, ती गेली की हब गेला. नशीब, वाट्या बऱ्या होत्या. मागची फिरकी, म्हणजे फ्रीव्हील, उलटं फिरवलं तर करकर करत होतं. चेनच्या चार कड्या आखडलेल्या, लांबी परफेक्ट पण वाकत नाहीत. म्हणजे माझी ती बारा इंचाची टेस्ट अगदी खरं बोलली होती, तिला विचारलेला प्रश्नच वेगळा होता. केबल सगळ्या आउटरमध्ये, म्हणजे वरच्या नळीत, गंजलेल्या, तो जड ब्रेक म्हणजे तेच. पॅड चिकट.

अण्णांकडं रोडस्टरचे पार्ट सगळे, ह्या सायकलीचे दोनच. बाकी ऑनलाइन मागवायचे ठरलं आणि इथं मी दुसरी चूक केली. मागचं सात चक्रांचं म्हणून शोधलं, चांगल्या कंपनीचं, सात स्पीड, दात्यांचा आकडा बघितला आणि ऑर्डर मारली. आलं ते कॅसेट. माझ्या हबला लागत होतं फ्रीव्हील. दिसायला दोन्ही सारखी, सातच चक्रं, पण फ्रीव्हील हबवर आट्यांनी घट्ट बसतं आणि त्याची फिरकी त्याच्या पोटात असते, कॅसेट नुसता चक्रांचा गठ्ठा असतो, फिरकी हबमध्येच असते आणि कॅसेट त्यावर खाचांत सरकवून वरनं रिंग आवळतात. एकाच्या जागी दुसरं जन्मात बसणार नाही. ओळखायचं कसं हे मला आता येतं, चाक काढून चक्रं उलटी फिरवायची आणि मधे जिथं टूल बसतो त्या खाचांकडं बघायचं. खाचा चक्रांबरोबर फिरल्या तर कॅसेट, चक्रं फिरतात आणि खाचा जागेवर थांबल्या तर फ्रीव्हील. पार्सल उघडताना व्हिडिओ काढला होता म्हणून परत गेलं, परत पाठवायचे नव्वद रुपये माझे गेले.

बीबीला मात्र व्हर्नियर कामाला आला. बीबी मागवताना दोन मापं लागतात, फ्रेमच्या पाईपाची रुंदी आणि अॅक्सलची लांबी. पाईप 68 मिलिमीटर भरला. अॅक्सलची टोकं गंजलेली होती तरी 122 च्या थोडं वर येत होतं, बाजारात 122.5 मिळतो, पुढं तीन चक्रांच्या सायकलींना बऱ्याचदा हाच लागतो. लिस्टिंगच्या फोटोत 113 आणि वर्णनात 122.5 असले नमुने पण आहेत, विकणाऱ्याला मेसेज करून पाकिटावरचा छापील आकडा फोटोत मागितला तेव्हाच पैसे भरले. दोन-तीन मिलिमीटर चुकलं तर चेन पुढच्या मोठ्या चक्रावरनं सरळ येत नाही, आणि जास्तच आखूड आला तर चक्र फ्रेमला घासतं.

टायरची गंमत वेगळीच. रबराला बाजूनं बारीक भेगा पडल्या होत्या, सहा वर्षं माळ्यावर. एका दुकानात गेलो तर म्हणाले 28 चा टायर द्यायचा ना, हा घ्या. 700 च्या टायरवर पण कधीकधी 28 लिहिलेलं असतं, आणि आपल्या काळ्या रोडस्टरचा 28 बाय दीड तोही 28. पण 700 च्या रिमचा बसायचा व्यास 622 मिलिमीटर आणि रोडस्टरचा 635. तेरा मिलिमीटरचा फरक, टायर रिमवर गळ्यात घातलेल्या हारासारखा लोंबतो. जुन्या टायरच्या कडेला 35-622 असं छोट्या अक्षरांत असतं, तो आकडा दाखवून दुसऱ्या दुकानातनं आणले.

सगळं बसवलं, फक्त सीटची दांडी निघाली नाही. अण्णांनी किटली केली, तेल घातलं, दोन दिवस तेल पिऊ दिलं, सीट धरून दोघांनी पिळून बघितलं. दांडी फ्रेमच्या आत वीतभर तरी आहे, सगळीकडनं धरलेली. अण्णा म्हणाले, "अजून जोर केला तर पाईप फाटंल. तुझ्या मापाची हाय न्हवं? मग ऱ्हाऊ दे." आणि तिथं मला ते आठवलं, की बघायला गेलो तेव्हा सीट खालीवर करून दाखवा एवढं जरी म्हणलं असतं तरी पाच सेकंदांत सगळं कळलं असतं. बरोबर मापाची होती म्हणून हात लावला नाही.

पुडी घेऊन मी काकांकडं गेलो. भांडायला गेलो होतो, खोटं कशाला बोलू. काकांनी पुडी उघडली, बघितली, म्हणाले "हो, पुरातलीच. सगळं घरच पुरातलं आहे. तुम्ही विचारलं नाही, मला वाटलं सायकलीला काय होतंय पाण्यानं, पोरगं पावसात चालवतच होता की." मला उत्तर सुचेना, कारण मला पण तसंच वाटलं होतं. काकू आतनं आल्या, पुडीतली माती दोन बोटांत चोळून बघितली आणि म्हणाल्या, "आमच्या कपाटातनं अजून निघतीय ही. परवा गौरीचे मुखवटे काढले, त्यात होती." मग मी वर बघितलं. ती रेघ बसल्या जागी माझ्या डोक्याच्या वर होती, मागच्या वेळी मी तिच्याच खाली बसून चहा प्यायलो होतो.

काकांनी हजार रुपये परत दिले, मी मागितले नव्हते. आधी नको म्हणालो, मग घेतले. बरोबर केलं की नाही ह्यावर आमच्या घरात एकमत नाही, बायको म्हणते पाचशे घ्यायचे होतेस.

हिशोब असा. सायकल 7,500. बीबी 620, फ्रीव्हील 580, चेन 540, केबल आणि आउटर 380, छर्रे कोन ग्रीस मिळून 290, ब्रेक पॅड 300, दोन टायर 1,500, अण्णांची मजुरी 1,100 आणि त्या कॅसेटच्या परतीचे 90. सगळे 12,900, त्यातनं काकांचे हजार वजा, 11,900. नवीन साधारण 17,300 ला होती. म्हणजे पाच हजार तरी वाचले असं मी ऑफिसमध्ये सांगतो, पण पाच आठवडे सायकल अण्णांच्या दुकानात उलटी टांगलेली होती हे सांगत नाही. पुरातली आहे हे आधी कळलं असतं तर मी चार हजार म्हणालो असतो आणि काकांनी बहुधा दिली पण असती, त्यांना सायकल विकण्यापेक्षा माळा रिकामा करायचा होता. सायकल घ्यायला नको होती असं मात्र मला अजून वाटत नाही. फ्रेम चांगली आहे, वेल्ड शाबूत आहेत, आणि आत नवीन ग्रीस कुठं कुठं आहे हे मला बेअरिंग टू बेअरिंग माहीत आहे, जे नवीन सायकलीबद्दल पण माहीत नसतं.

आता कुणी मला जाहिरात पाठवून विचारलं, घेऊ का, तर मी तीन फोटो मागवायला सांगतो. सीट पूर्ण खाली केलेला, बीबीखालच्या फ्रेम नंबरचा, आणि सायकल जिथं ठेवतात त्या जागेचा. मागच्या आठवड्यात सांगलीवाडीच्या एका जाहिरातीवर भाच्यानं हे मागितलं तर समोरच्यानं पहिले दोन पाठवले, तिसऱ्याला म्हणाला कशाला पाहिजे. भाचा म्हणाला मामानं सांगितलंय. त्यानं पाठवला, भिंत नवीन रंगवलेली होती, भाचा घेणार आहे, मी म्हणलं जाताना मला घेऊन जा, भिंत मी स्वतः बघतो.

बायकोला आता सायकल चालवायची हौस आली आहे. तिची उंची पाच फूट एक. सीट खाली येत नाही.